उसनी नस

पीटीच्या बाईंना शाळेतली मुलं आपसांत ‘तोफ’ म्हणायची आणि ते बाईंना ठाऊक होतं. त्याचा राग तर नव्हताच, उलट थोडा अभिमानच होता. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाला नळाखाली वाकलेलं पोरही ताठ व्हायचं. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या हातापायांना हुकूम सोडण्यात गेली होती. हात वर, हात बाजूला, हात खाली. एकाही हाताने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

म्हणून स्वतःचाच हात ऐकेना, तेव्हा त्यांना आधी दुःख झालं नाही, संताप आला.

झालं ते असं. बाईंचा धाकटा भाऊ, घरचं नाव ढब्बू, त्यांना स्कूटरवरून सामन्यांच्या मैदानावर सोडायला निघाला होता. पुलाच्या उतारावर कुत्रं आडवं आलं, ढब्बूने ब्रेक दाबला, स्कूटर घसरली, आणि बाई उजव्या खांद्यावर अशा आपटल्या की मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. ढब्बूच्या गुडघ्याला खरचटलं. कुत्र्याला काहीच झालं नाही. ते थोडं पुढे जाऊन थांबलं आणि तमाशा बघत उभं राहिलं.

“चष्म्याचं दुकान आहे याचं,” आई दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आणि याला कुत्रं दिसत नाही.”

ढब्बू मान खाली घालून बसला होता. एरवी त्याला दहा उत्तरं सुचली असती.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मानेखालचं आडवं हाड मोडलं होतं. त्यांनी पट्टा बांधला, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

“डॉक्टर, पण हात हलत नाहीये,” बाई म्हणाल्या.

“पट्टा बांधलाय ना? मग हलवायचा कशाला?”

“हलवायचा नाही हो. हलतच नाही. मी सांगते आणि तो ऐकत नाही.”

“सूज आहे. आतल्या नसांना हिसका बसलाय. सूज उतरली की आपोआप येईल.”

‘आपोआप’ या शब्दावर बाईंचा कधीच विश्वास नव्हता. त्यांच्या मते आपोआप फक्त गवत वाढतं, तेही मैदानावर नको तिथे. पण डॉक्टर ते होते. बाई थांबल्या.

हाड जुळलं, पट्टा निघाला, सूजही उतरली. हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला. खांदा हलेना, कोपर वाकेना, मनगट उचलेना. बोटं तेवढी जेमतेम मिटायची, तीही कागद धरण्यापुरती, आणि तो कागद कोणी हलकेच ओढला तरी सुटायचा. वर आणखी एक चीड आणणारी गोष्ट होती. दंडाला चिमटा काढला तर कळायचं नाही, पण त्याच हाताच्या आत दिवसभर भट्टी पेटलेली असायची. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ मानेतून निघून थेट अंगठ्यापर्यंत जायची आणि बाई बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून डोळे मिटून घ्यायच्या. समोरच्याला वाटायचं, बाईंना आपलं बोलणं आवडलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. कोणी तेल सांगितलं, कोणी शेक सांगितला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, की मनाने खंबीर राहा, सगळं मनात असतं. “काकू,” बाई म्हणाल्या, “मनात असतं तर हा हात आत्ता तुमच्या गळ्यापर्यंत पोचला असता.” काकूंनी त्यानंतर सल्ला दिला नाही.

रस्त्यात लोक गळ्यातल्या झोळीकडे बघून विचारायचे, “पट्टी कधी निघणार?” मोडला नाही, नस गेलीय, असं सांगितलं की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा. मोडलेलं लोकांना समजतं, कापलेलं समजतं. जागेवर असलेला, नखांसकट शाबूत दिसणारा हात काम करत नाही, हे काही केल्या पटत नाही. “पण हात आहे ना जागेवर, ते महत्त्वाचं,” असं एकाने म्हटलं, तेव्हा बाई त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की तो बिचारा रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

चौथ्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांनी कागदपत्रं बाईंच्या समोर सरकवली आणि मोठ्या शहरातल्या नसांच्या सर्जनचं नाव सांगितलं.

“काय म्हणाले?” घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं.

“त्यांनी हात वर केले,” बाई म्हणाल्या. “मी तेवढ्यासाठीच तर गेले होते.”

बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मोहरीएवढ्या स्क्रूंशी बोलत बसणारा माणूस. घाई हा प्रकार त्याच्या स्वभावात नव्हताच. बाईंची वेणी घालायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं आणि तो ते घड्याळ उघडल्यासारखं करायचा. केसांचे तीन भाग तो असे मोजूनमापून पाडायचा की बाईंना रडू यायचं.

“अहो, शाळेला जायचंय, प्रदर्शनात मांडायची नाहीये!”

“एक बाजू जाड होतेय गं.”

“होऊ दे जाड!”

पण तो पुन्हा सोडायचा आणि पुन्हा घालायचा. पाठीमागचे हूक लावणं, टूथपेस्टचं झाकण फिरवणं, साबण लावलेला डावा हात धुवायला दुसरा हात नसणं, अशा बारीकसारीक गोष्टींवर बाईंचा दिवस अडखळत अडखळत चालायचा. आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘थांब, मी करतो’ म्हणून पुढे यायचं. त्या ‘थांब’चाच त्यांना सगळ्यात जास्त वीट आला होता.

मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आधी तपासणी झाली. एका खोलीत एका माणसाने त्यांच्या हातावर ठिकठिकाणी झटके दिले, मग दंडाच्या स्नायूत बारीक सुई घातली आणि म्हणाला, “कोपर वाकवायचा प्रयत्न करा.” बाईंनी दात-ओठ खाऊन प्रयत्न केला. स्नायू जागा असेल तर शेजारच्या यंत्रातून खरखर ऐकू येते, हे त्या माणसाने आधी सांगून ठेवलं होतं. यंत्रातून काहीच आवाज आला नाही. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याची चाकं तेवढी ऐकू आली.

सर्जन बुटके, मृदू आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मानेच्या स्कॅनकडे बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्ची बाईंच्या जवळ ओढली.

“हाताच्या सगळ्या नसा मानेतून येतात. नस म्हणजे रक्ताची नाही, हुकूम नेणारी. मानेच्या मणक्यांतून पाच मुळं निघतात, ती मानेखालच्या आडव्या हाडामागे एकमेकांत गुंततात आणि पुढे हातभर पसरतात. तुमची वरची तीन मुळं गेलीयत.”

“तुटलीयत?”

“तुटली असती तर बरं होतं. तुटलेली जोडता येते. तुमची उपटली गेलीयत, मणक्याच्या आतूनच. ती परत लावता येत नाहीत. खालची दोन शाबूत आहेत, पण त्यांनाही मार बसलाय. म्हणून बोटं थोडीफार चालतात.”

ढब्बू मागे उभा होता. त्याने विचारलं, “म्हणजे आपोआप येणार नाही?”

“आपोआप कधीच येणार नव्हतं.”

हे वाक्य ते अगदी साधेपणाने बोलले. पण बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. चार महिने! तेल, शेक, गोळ्या, सूज उतरायची वाट. “आणि हे त्यांना पहिल्या दिवशी कळायला नको होतं?” त्यांचा आवाज चढला. दार लोटून एक नर्स आत डोकावून गेली. “मी सांगत होते त्यांना, की हात हलत नाही! मी काय मराठीत बोलत नव्हते?”

सर्जननी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी ओळखणं अवघड असतं. पण महिना-दीड महिन्यात हात हलला नाही तर पाठवायला हवं होतं. तुमचा राग बरोबर आहे. मात्र आता तो करायला आपल्याकडे फार वेळ नाही. नस तुटली की स्नायू वाट बघत बसतो, पण कायम नाही. साधारण दीड वर्षात तो इतका सुकतो की मग नस पोचूनही उपयोग नसतो. आणि नस वाढते रोज जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेलं चांगलं.”

“पण मूळच नाही म्हणताय, मग जोडणार काय?”

“उसनी घ्यायची. बरगड्यांच्या मधे श्वासाच्या नसा असतात. त्यातल्या तीन सोडवून काखेतून वळवायच्या आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडायच्या. खांदे उडवतो ना आपण, त्या नसेची एक फांदी खांद्याला द्यायची. बाकीच्या बरगड्या श्वासाचं काम सांभाळून घेतात.”

“आणि मग हात चालेल?”

“तुम्ही जोरात श्वास घेतलात की कोपर वाकेल.”

बाईंना वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतोय. “आणि श्वास सोडला की?”

“खाली येईल. सुरुवातीला. नस बरगडीची आहे, तिला तेवढंच काम माहितीय. पुढे मेंदू शिकतो की आता ही हाताची झाली.”

“कुणाचा मेंदू?”

“तुमचाच,” सर्जन म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडंसं हसले. “पण हात पहिल्यासारखा होणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडायला नको.”

भांडण नंतर झालंच, पण ते पुढे.

ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं. सकाळी आत नेलेल्या बाई संध्याकाळी बाहेर आल्या. छातीच्या बाजूला लांब टाका, काखेत टाका, मानेपाशी टाका, आणि हात शरीराला घट्ट बांधलेला. जिथून नसा काढल्या त्या जागेची कातडी बधिर झाली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वाकला का?” नवऱ्याने सांगितलं, की अजून नाही, आणि त्यांच्या कपाळावरचे केस अगदी सावकाश बाजूला केले.

मग सुरू झालं ते वाट बघणं. बाईंना वाट बघायचं शिक्षण कोणी दिलं नव्हतं. नस दिसत नाही, वाढताना जाणवत नाही, आज कुठपर्यंत आली ते कुणाला विचारता येत नाही. महिनाभरात बोटाच्या एका पेराएवढी सरकते म्हणे. “गोगलगाय बरी,” बाई म्हणायच्या, “निदान मागे रेघ तरी ठेवते.”

व्यायामासाठी जवळच्याच एका फिजिओथेरपिस्टकडे जायचं होतं. तो आडव्या बांध्याचा, शांत माणूस होता आणि त्याच्या तोंडी एकच पालुपद असायचं, “पुन्हा एकदा.” बाईंनी त्याचं नावच ‘पुन्हा’ ठेवलं. तो त्यांचा हात टेबलावर आडवा ठेवायचा, सांधे आखडू नयेत म्हणून स्वतः वाकवून सरळ करायचा आणि मग म्हणायचा, “आता खोल श्वास घ्या, रोखून धरा आणि मनात कोपर वाकवा.”

बाई श्वास घ्यायच्या. चेहरा लाल व्हायचा. हात टेबलावर पडून असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा.

“पुन्हा एकदा.”

“काही होत नाहीये.”

“व्हायला नकोच आहे अजून. सवय लावतोय आपण. पुन्हा एकदा.”

वीस वर्षं हेच दोन शब्द आपण मुलांना ऐकवत आलो, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना त्या सगळ्या मुलांची एकदम कीव आली.

तिकडे ढब्बूने वेगळाच उद्योग मांडला होता. त्याला स्वस्थ बसवेना. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो फोनवर नसांबद्दल वाचत बसायचा आणि संध्याकाळी काहीतरी घेऊन हजर व्हायचा. रबरी चेंडू, मनगटात घालायचं कुठलंसं चुंबकाचं कडं, कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ. ताई, हे बघ. ताई, हे करून तर बघ. एके संध्याकाळी तो हाताला गुदगुल्या करणारं एक यंत्र घेऊन आला आणि त्याच्या तारा सोडवायला लागला, तेव्हा बाईंचा बांध फुटला.

“ढब्बू, बंद कर ते!”

“ताई, एकदाच लावून बघ. यात लिहिलंय की—”

“मला माहितीय काय लिहिलंय! रोज येतोस, रोज काहीतरी आणतोस, रोज माझ्या हाताकडे बघतोस. मी माणूस आहे की तुझं प्रायश्चित्त? पडलो आपण. कुत्रं आडवं आलं. संपलं. तुला वाईट वाटतंय ते तू तुझ्या घरी वाटून घे!”

ढब्बूच्या हातातल्या तारा तशाच राहिल्या. मग तो इतक्या हळू बोलला, की आतल्या खोलीतून नवऱ्याला ऐकू गेलं नसेल. “तू एकदा मला मार, ताई. डाव्या हाताने मार हवं तर. तू त्या दिवसापासून एक शब्द बोलली नाहीस मला.”

बाईंनी त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. ढब्बूने यंत्र पिशवीत भरलं आणि तो गेला. त्यानंतर तो आलाच नाही, आणि तो येत नाही म्हणून बाई आणखी चिडचिड्या झाल्या.

शाळेत त्या परतल्या होत्या, पण मैदानावर नाही. मुख्याध्यापिकांनी अगदी गोड शब्दांत त्यांना ग्रंथालयात बसवलं होतं. “तुम्हाला आराम पण आणि शाळेला मदत पण.” ग्रंथालयाची खिडकी नेमकी मैदानावर उघडायची. तिथे त्यांच्या जागी आलेले बदली सर इतक्या भीत भीत शिट्टी वाजवायचे की ती ऐकून चिमण्यासुद्धा उडत नसत. रांगा वाकड्या, कवायत अर्धवट, मुलं हात वर करायच्या ऐवजी एकमेकांच्या टोप्या काढत. बाई खिडकीत उभ्या राहून मुठी आवळायच्या, म्हणजे एक मूठ.

ग्रंथपाल निवृत्तीला आलेले, कुजबुजत बोलणारे गृहस्थ होते. ग्रंथालयात तोफ आणून ठेवली म्हणून ते आधी धास्तावले होते. त्यांनी बाईंना सगळ्यात मागच्या कपाटातली जुनी पुस्तकं पुसायचं काम दिलं, कारण तिथून आवाज कमी येतो.

ऑपरेशनला आठ महिने होत आले होते. बाई डाव्या हाताने एक जाडजूड नकाशांचं पुस्तक ओढत होत्या. उजवा हात झोळीतून काढून नुसता लोंबता ठेवला होता. पुस्तक निघालं, त्याबरोबर कित्येक वर्षांची धूळ निघाली, आणि बाईंना शिंक आली. त्यांच्या आवाजाला शोभेल अशी शिंक.

तिच्या आधी छातीभर श्वास घेतला गेला, आणि उजव्या हाताने उडी मारली.

फार नाही. कोपर थोडंसं वाकलं, हाताची मागची बाजू कपाटाच्या फळीवर आपटली आणि हात परत खाली गेला. बाई पुस्तक धरून तशाच उभ्या. भास झाला असेल. त्यांनी खोल श्वास घेतला, मनात कोपर वाकवलं. काहीच नाही. पुन्हा एकदा. काहीच नाही. शेवटी त्यांनी नकाशांचं पुस्तक उघडलं, नाक त्यात खुपसलं आणि धूळ ओढून घेतली.

ग्रंथपाल आवाजाने धावत आले, तेव्हा बाई डोळ्यांतून पाणी गाळत चौथी शिंक देत होत्या आणि प्रत्येक शिंकेला त्यांचा उजवा हात मधमाशी चावल्यासारखा दचकत होता.

“बाई, हळू,” ते कुजबुजले. “काय झालं? पाणी आणू?”

“पाणी नको!” बाई गरजल्या. “धूळ आणा!”

बिचाऱ्यांनी खरंच आणखी दोन पुस्तकं काढून दिली.

बाईंनी आधी नवऱ्याला फोन करायचं ठरवलं होतं. पण बोटाने दुसराच नंबर लावला.

“ढब्बू, मला शिंक आली.”

इतक्या दिवसांनी ताईचा फोन आणि तो शिंकेसाठी, याचा अर्थ लावायला त्याला वेळ लागला. “सर्दी झालीय का? औषध आणू?”

“गाढवा, हात हलला!”

मग पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते बाईंना कळलं नाही. “संध्याकाळी ये,” त्या म्हणाल्या. “आणि काही आणू नकोस.”

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. हात हलायला लागला, पण बाईंच्या मर्जीने नाही, बरगड्यांच्या मर्जीने. खोकला आला की हलायचा, हसू आलं की हलायचा, जांभईला तर चांगलाच वर यायचा. प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा स्तब्ध उभी असताना बाईंना ठसका लागला आणि उजव्या हाताने शेजारच्या मुख्याध्यापिकांच्या कमरेत ढोसलं. घरी जेवताना नवरा काहीतरी विनोद करायचा आणि बाई ओरडायच्या, “पाणी पिताना हसवू नका हो, सांडतं!” आपला हात आणि आपण यांच्यामध्ये तिसरंच कोणीतरी बसलंय आणि सगळे हुकूम त्याच्यामार्फत जातायत, असं त्यांना वाटायचं. मैदानावर असं पोर असतं तर त्यांनी त्याला रांगेबाहेर काढलं असतं.

‘पुन्हा’ मात्र खूश होता. “आता खरं काम सुरू,” तो म्हणाला. श्वास घ्या आणि वाकवा. आता वाकवलेला ठेवा आणि श्वास सोडा. पडला? पुन्हा एकदा. बोलता बोलता वाकवा. आकडे म्हणत वाकवा. भांडत वाकवा. “भांडत?” बाईंनी विचारलं. “ते तुम्हाला चांगलं जमेल,” तो म्हणाला. बाई हसल्या आणि हात टेबलावरून उठला.

हे वर्षभर चाललं. कधी आठवडेच्या आठवडे काही फरक पडायचा नाही आणि बाई घरी येऊन दार आपटायच्या. भट्टी थोडी निवली, विझली नाही. गोळ्यांनी झापड यायची, शब्द सापडायचे नाहीत. आणि मग एका सकाळी आरशासमोर त्यांनी नाकावर बसलेली माशी उजव्या हाताने उडवली आणि नवऱ्याशी सिलिंडरबद्दलचं बोलणं तसंच चालू ठेवलं. नवराच बोलायचा थांबला. “काय झालं?” त्यांनी विचारलं. “श्वास घेतला नाहीस तू,” तो म्हणाला.

शेवटच्या तपासणीला सर्जननी कोपर वाकवून पाहिलं, हातात छोटं वजन देऊन पाहिलं, खांदा किती उचलतो ते पाहिलं. हात खांद्यातून छातीच्या उंचीपर्यंत आला आणि थांबला. मनगट तसंच लुळं होतं, लिहिताना त्याला पट्टी लावावी लागायची.

“उत्तम,” सर्जन म्हणाले. “खरोखर उत्तम निकाल आहे.”

“उत्तम?” बाई म्हणाल्या. “मला केस विंचरता येत नाहीत. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. याला तुम्ही उत्तम म्हणता?”

“हो.”

“मी पीटी शिकवते. माझा हात इथपर्यंतच येतो.”

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. मला वाटलं, घाबरवायला सांगताय. आणि ते चार महिने गेले नसते तर?”

“कदाचित थोडा जास्त आला असता. कदाचित एवढाच. खोटं कसं सांगू?”

बाईंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ज्या माणसावर ओरडायचं तो हा नव्हता. जो होता तो तिकडे आपल्या गावात दुसऱ्या कुणाला तरी सूज आहे म्हणून सांगत असेल. त्यांनी डाव्या हाताने पिशवी उचलली आणि “येते” म्हणाल्या. जिन्यात मात्र त्यांनी कठड्यावर डावी मूठ अशी हाणली की खालून येणारी माणसं बाजूला झाली. ढब्बू खाली वाट बघत होता. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेवढं तो आता शिकला होता.

बाईंना मैदान परत मिळालं, तेही सुखासुखी नाही. मुख्याध्यापिकांना दाखला हवा होता, मग दुसरा दाखला हवा होता. शेवटी बदली सरांनीच जाऊन सांगितलं, की बाईंना घ्या, मला रात्री स्वप्नात शिट्ट्या ऐकू येतात.

पहिल्या दिवशी त्यांच्या वाट्याला सगळ्यात लहान वर्ग आला. ती मुलं बाईंना ओळखत नव्हती. तोफेबद्दल त्यांनी काही ऐकलं नव्हतं. बाईंनी रांगा लावून घेतल्या, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी करते तसं करायचं. हात वर!”

डावा हात सरळ आभाळाकडे गेला. उजवा छातीपर्यंत आला, कोपरात वाकला आणि थांबला. मनगट खाली लोंबलं.

समोर तिसेक मुलांनी डावा हात सरळ वर केला, उजवा छातीपर्यंत आणला, कोपरात वाकवला आणि मनगट खाली सोडलं. सगळ्यांनी. अगदी एकसारखं. एवढी शिस्तबद्ध कवायत बाईंनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

“दोन्ही हात वर!” बाई ओरडल्या. “पूर्ण वर!”

मुलं गोंधळली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे, आणि म्हणाली, “केला की, बाई. तुमच्यासारखाच.”

बाईंनी तोंड उघडलं. काय सांगायचं? मी करते तसं नका करू? हात माझा आहे, नस बरगडीची आहे, हे या शेंबड्या पोरांना कोण समजावणार? त्यांना चीड आली, आणि चीड येता येताच हसू आलं, आणि हसण्याने कोपर आणखी वाकलं. तिसेक कोपरं आणखी वाकली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “कोणी हलायचं नाही.”

त्या पुढच्या रांगेत गेल्या. त्या मुलीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला आणि सरळ वर नेला. हात कसलाही विचार न करता वर गेला आणि त्यांनी सोडल्यावरही तिथेच राहिला. “हा असा. कळलं?” पुढच्या मुलाचा हात. त्याच्या पुढच्याचा. मागे वळून पाहिलं तर पहिल्या मुलीने कंटाळून हात खाली घेतला होता.

“वर!” बाईंनी मैदान दणाणून सोडलं. हात गेला वर.

अर्धा वर्गही झाला नव्हता तोवर तास संपल्याची घंटा वाजली. मुलं पाण्याच्या नळाकडे धावली. “उद्या पुन्हा एकदा,” बाई त्यांच्या पाठीमागून ओरडल्या, पण कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.